घर गहाण होतं, मशीन नव्हतं

बँकेचं कर्ज आमच्यावर नव्हतं. फ्लॅट मालकाचा, कर्ज मालकाचं, हप्तेही त्यानेच थकवलेले. आम्ही लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे, पाच तारखेच्या आत भाडं भरणारे लोक. तरीही मे महिन्यात आम्ही गावाला असताना बँकेने कुलूप तोडलं, स्वतःचं कुलूप घातलं, वर सील मारलं आणि आमचा संसार आत राहिला. शेजारच्या काकूंचा फोन आला तो वेगळ्याच सुरात. "अगं, घर सोडलंत ते सांगायचं तरी!"

संसार म्हटला की भांडीकुंडी, अंथरुणं, गॅस, मुलाची पुस्तकं डोळ्यांपुढे येतात. ते होतंच. पण मी ब्लाउज शिवते आणि माझं काम हॉलमध्येच चालायचं. त्यामुळे आत दोन शिलाई मशिनं होती, एक ओव्हरलॉक, एक पिको-फॉलचं, इस्त्री, अस्तराचे तागे. आणि कपाटात, टेबलाखाली, दिवाणात पिशव्या भरून लोकांचे कपडे. लग्नसराई ऐन भरात होती. कुणाची पैठणी फॉल लावायला आलेली, कुणाचा मापाचा ब्लाउज, कुणाचं कापड नुसतं बेतून ठेवलेलं. मालकाच्या कर्जापायी आम्ही रस्त्यावर आणि आमच्यापायी, ज्यांनी मालकाचं नावही ऐकलं नव्हतं अशा बायकांच्या साड्या कुलपात.

आम्ही धावत परत आलो आणि नणंदेकडे उतरलो. दारावर चिकटवलेल्या कागदाचा फोटो काढला. त्यावर मालकाचं आणि त्याच्या बायकोचं नाव, थकलेली रक्कम, फ्लॅटचं क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि खाली 'प्राधिकृत अधिकारी', म्हणजे या कारवाईसाठी बँकेने नेमलेला माणूस, अशी सही. सामानाबद्दल एक अक्षर नाही. जिन्यात भेटलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी नजर चुकवली. नोटिशीची एक प्रत सोसायटीकडे आधीपासून होती म्हणे. "तुम्हाला मालकाने सांगितलं असेल असं वाटलं," म्हणाले. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त आत राहणाऱ्यांना नव्हतं.

माझ्या एक गिऱ्हाईक ताई वकील आहेत. (त्यांचेही दोन ब्लाउज आतच होते, हे इथे नमूद करायला हवं.) त्यांनी आधी सगळा क्रम समजावून सांगितला. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत खात्यात जमा होतं. मग बँक सरफेसी कायदा, 2002 (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) याच्या कलम 13(2) खाली कर्जदाराला नोटीस देते आणि पैसे भरायला 60 दिवस देते. ते भरले नाहीत तर 13(4) खाली ताबा. पहिला ताबा बहुतेक वेळा कागदोपत्री असतो, म्हणजे सांकेतिक. बाहेरच्या दारावर नोटीस लागते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. प्रत्यक्ष घर रिकामं करून घ्यायचं असेल तर बँक कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. तिथून आदेश निघतो, खालचा अधिकारी पोलीस बंदोबस्तात येतो आणि कुलूप तोडण्यापर्यंतचं बळ वापरायची मुभा त्या आदेशातच असते. आमच्या दारात नेमकं हे शेवटचं पाऊल पडलं होतं. आधीची सगळी पावलं आम्ही तिथे राहायला यायच्या आधीच पडून गेली होती आणि दारावरची नोटीस मालकाने काढून टाकली होती. 13(2) ची नोटीस हातात पडल्यावर बँकेच्या लेखी परवानगीवाचून जागा भाड्याने देता येत नाही, हे त्याच कलमाच्या तेराव्या पोटकलमात आहे. मालकाने ती दिली, वर आमच्याकडून अनामत घेतली.

ताईंनी करार पाहिला, तारखा जुळवल्या आणि सरळ सांगितलं, "राहायचा हक्क विसर. भाडेकरू म्हणून कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाता येतं. पण करार नोटिशीनंतरचा असला की तिथे टिकाव लागत नाही. त्यात तुझी शक्ती घालवू नकोस. सामानाचं बोल."

सामानाबद्दल त्यांचं म्हणणं इतकं सोपं होतं की मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे प्रत्येक टेबलासमोर तेच बोलले. बँकेकडे गहाण काय आहे? फ्लॅट. आदेश कशाचा ताबा घ्यायचा आहे? फ्लॅटचा. आतल्या जंगम वस्तू कुणी बँकेला तारण लिहून दिलेल्या नाहीत, तेव्हा त्या विकायचा, कर्जात वळत्या करायचा किंवा अडवून धरायचा अधिकार बँकेला मिळत नाही. मशीन बँकेच्या कुलपात आहे, पण बँकेचं झालेलं नाही. उलट, ताब्यात घेतलेली मालमत्ता शहाण्यासुरत्या मालकाने जपावी तशी जपायची, असं याच कायद्याच्या 2002 च्या नियमांत प्राधिकृत अधिकाऱ्यावर बंधन आहे. आणि दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आली की तिची काळजी घ्यावी लागते, हे तर 1872 च्या करार कायद्यापासून चालत आलेलं आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार आवडली. कर्ज आमच्या स्वतःच्या नावावर असतं, तरीही काही वस्तूंना हात लागला नसता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये जप्तीतून वगळलेल्या गोष्टींची यादी आहे : अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाने जे बाईच्या अंगावरून उतरवता येत नाही असे दागिने, शेतकऱ्याची अवजारं आणि कारागिराची हत्यारं. सरफेसीतही कलम 31 ने या वस्तू बाहेर ठेवल्या आहेत. खास त्याच वस्तू तारण दिल्या असतील तर गोष्ट वेगळी. माझं मशीन हत्यार आहे आणि मी कारागीर, हे कायद्याच्या तोंडून ऐकताना बरं वाटलं. घरात आजवर त्याला 'हिचं ते शिवणकाम' म्हणत आले आहेत.

हे सगळं हातात घेऊन बँकेत गेले आणि पहिल्याच काउंटरवर सगळी हवा गेली. शाखेतले म्हणाले, आमच्याकडे नाही, वसुली विभागाकडे जा. वसुली विभाग दुसऱ्या इमारतीत. तिथे बँकेने नेमलेल्या एजन्सीचा एक मुलगा बसलेला. "मालकाला घेऊन या, लगेच उघडून देतो." मालकाचा फोन बंद. "मग मालकाचं ना-हरकत पत्र आणा." ज्याचा फोन लागत नाही त्याचं पत्र कुठून आणू, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. जाताना जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "वहिनी, खर्चाचं बघा. संध्याकाळी गुपचूप काढून घ्या सामान." ताईंना सांगितलं तर त्या कडाडल्या. सीललेलं घर असं उघडलं तर फौजदारी आमच्यावर, आणि उद्या मालकाने 'माझं सोनं होतं' म्हणून ओरड केली तर चोरीचा आळही आमच्यावर. सीलला हात लावायचा नाही, पंच आणि व्हिडिओ यांच्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

बँकेची अडचण मात्र खोटी नव्हती, हे मला नंतर त्यांच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांशी बोलताना कळलं. सरकारी बँकेत हा माणूस चीफ मॅनेजरच्या किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचा असावा लागतो; त्यामुळे भेट मिळायला वेळ लागला, पण भेटले तेव्हा नीट बोलले. "मॅडम, तुमचं आहे हे मी नाकारत नाही. पण कुठलं तुमचं आणि कुठलं मालकाचं हे मला कोण सांगणार? चुकीच्या माणसाला दिलं तर उद्या डीआरटीत मी उभा." त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हणाले असते. फ्लॅट अर्धवट फर्निचरसह होता. सोफा मालकाचा, बेडरूममधलं एक कुलूपबंद कपाट मालकाचं, बाकी आमचं. म्हणजे प्रश्न कायद्याचा कमी आणि पुराव्याचा जास्त होता. तिथून पुढे मी हक्काबद्दल वाद घालणं सोडलं आणि यादीच्या मागे लागले.

ताबा घेताना जो पंचनामा झाला होता त्याला सामानाची यादी जोडलेली असते. तिची नक्कल बँकेने दिली नाही, तहसील कार्यालयाने दिली. साधा नकलेचा अर्ज, ओळखीचा पुरावा आणि थोडा तगादा. तिथल्या क्लार्कने सुचवलं की नक्कल अडली तर माहिती अधिकारात टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ती वेळ आली नाही. यादी हातात आली आणि मी कपाळाला हात लावला. 'जुना सोफा 1. लोखंडी कपाट बंद 2. शिलाई मशीन 2 नग. इतर मशीन 2 नग. कपड्यांची गाठोडी, अंदाजे 15. किरकोळ भांडी. देव्हारा 1.' बस्स. आमचं कपाट 'बंद', म्हणजे आतलं काहीच नोंदलेलं नाही. त्यात माझं मंगळसूत्र सोडून बाकीचं सगळं सोनं होतं, मुलाचे जन्मदाखल्यापासूनचे सगळे कागद होते, सासूबाईंच्या हॉस्पिटलची फाईल होती. पंच म्हणून सह्या करणारे दोघे कोण, कुठले, आम्ही कधी पाहिलेले नाहीत. कुलूप तोडणाऱ्याला दुसऱ्याचं कपाट फोडून मोजदाद करायची नसते हे मला पटतं. पण 'गाठोडी' हा शब्द वाचून डोकं फिरलं. त्या गाठोड्यांत एकेका साडीची किंमत हजारांत होती.

मग आमची यादी. ही कशी करावी हे ताईंनी शिकवलं आणि माझ्या धंद्याने ती सोपी केली. शिवून झालेला प्रत्येक ब्लाउज मी टेबलावर पसरून फोटो काढते आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप करते. त्या फोटोंत ब्लाउज पुढे असतो आणि मागे सगळं घर : ओव्हरलॉक, कपाटाचा निळा दरवाजा, देव्हाऱ्याचा कोपरा, फ्रिज, भिंतीवरचा पंखा. तारीख-वेळेसकट पुरावा तयार होता. मशिनांवरचे नंबर त्यांच्या बिलांवर होते. एकाचं बिल दुकानदाराने जुन्या वहीतून काढून परत दिलं. फ्रिज हप्त्यावर घेतलेला, त्याचे कागद फायनान्स कंपनीच्या ॲपमध्ये मिळाले. (फ्रिज कुलपात आणि हप्ता चालू, हाही एक अनुभव.) नोंदणी झालेला करार होता, त्यामुळे त्या पत्त्यावर आम्ही राहत होतो हे वेगळं सिद्ध करावं लागलं नाही. ज्यांचे करार नुसत्या नोटरीवर असतात त्यांचं काय होत असेल, हा विचार मनात येऊन गेला. महाराष्ट्रात भाडेनियंत्रण कायदा, 1999 नुसार करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती मालकाची जबाबदारी आहे, तरी दहा-वीस घरं टाकून विचारलं की एकाकडे तरी नोंदणी न केलेला कागद निघतोच.

लोकांच्या कपड्यांचं काय करायचं, तिथे मात्र अडले. मापांची वही आत होती. कुणाचं काय आहे ते आठवून लिहिलं, मग एकेकीला फोन केला. हे फोन करणं बँकेत जाण्यापेक्षा जड गेलं. बहुतेक जणी समजून घेतात, पण समजून घेण्याच्या आवाजातही एक गाठ असते. एका मावशींच्या नातीचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि नातीची साडी आत. मावशी मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी थेट प्राधिकृत अधिकाऱ्यांना फोन लावून दिला आणि 'तुमच्या बँकेत माझं पेन्शन खातं आहे' इथून सुरुवात केली. साडी त्याने बाहेर आली नाही. लग्न दुसऱ्या साडीत लागलं. दुसऱ्या एकीने मीच कापड विकून खाल्लं आणि बँकेचं निमित्त सांगतेय असा अर्थ काढला, तोही गल्लीभर. तिला मी दारावरच्या नोटिशीचा फोटो पाठवला नाही. पाठवून तिचं मत बदललं नसतं.

ताईंनी प्रत्येकीकडून साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्यायला सांगितल्या : अमुक रंगाची, अमुक काठाची साडी, अमुक तारखेला शिवायला दिली, ती माझी आहे. त्याचा उपयोग दुहेरी झाला. बँकेला कळलं की 'गाठोडी' म्हणजे एका कुटुंबाचे जुने कपडे नव्हेत. आणि उद्या काही गहाळ झालं तर दावा करणारी एक बाई नसेल, बऱ्याच असतील.

अर्ज गेला प्राधिकृत अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांना, प्रत तहसीलदारांना. हातात दिलेल्या प्रतीवर शिक्का घेतला, शिवाय पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवला. अर्जात भांडण नव्हतं. आम्ही कर्जदार नाही, जामीनदार नाही; फ्लॅटच्या ताब्याला आमची हरकत नाही; सोबतच्या यादीतलं सामान आमचं आणि आमच्या ग्राहकांचं आहे; मालकाच्या वस्तू आम्ही मागत नाही, त्या या; पंचांसमक्ष व्हिडिओत आम्हाला सामान द्यावं; तोवर ते विकू, हलवू किंवा टाकून देऊ नये. 'ताब्याला हरकत नाही' हे वाक्य यजमानांना खटकलं होतं. पण मला वाटतं अर्ज हलला तो त्याच वाक्याने. आम्ही घर अडवत नाही म्हटल्यावर त्यांचा अर्धा धोका संपला.

मधल्या काळात बँकेने वर्तमानपत्रात एक छोटी सूचना दिली. कर्जदाराने आतलं सामान सात दिवसांत न्यावं, नाहीतर त्याची विल्हेवाट लावली जाईल आणि खर्च त्याच्यावर पडेल. सूचना मालकाच्या नावाने होती, आमचा उल्लेख नाही. ती एका गिऱ्हाइकाने पाहून पाठवली. सात दिवस हा आकडा कायद्यातला नाही. सरफेसीत किंवा त्याच्या नियमांत तारण नसलेल्या घरगुती सामानासाठी असा कालावधी ठरवलेलाच नाही, बँका आपापला ठरवतात. तरी आकडा छापून आला की पोटात गोळा येतोच. त्याच दिवशी आमचं उत्तर गेलं : मालक सापडत नसला तरी आम्ही समोर उभे आहोत, आमचा अर्ज तुमच्याकडे पडून आहे, तेव्हा 'कुणी न्यायला आलं नाही' असं म्हणता येणार नाही. ताईंनी डीआरटीचा अर्ज लिहून तयार ठेवला. कलम 17 खालचा हा अर्ज कर्जदारच नव्हे, बँकेच्या कारवाईने ज्याचं नुकसान होतं असा कुणीही करू शकतो, पण 45 दिवसांच्या आत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचा रस्ताही होता. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि 30 दिवस वाट पाहणं आलं, आणि प्रकरण न्यायाधिकरणात गेलेलं असेल तर लोकपाल ते घेत नाही. लोकपालाची वाट पाहता पाहता 45 दिवस निघून जाऊ शकतात, म्हणून ताईंचा डोळा डीआरटीच्या तारखेवर होता. दोन्हींची गरज पडली नाही. बँकेचं पत्र आलं.

पत्रासोबत हमीपत्राचा मसुदा होता, 500 रुपयांच्या स्टॅम्पवर करायचा. मालकाने पुढे दावा केला तर आम्ही जबाबदार, हे ठीक होतं. पण दोन ओळी अशा होत्या की सही केली असती तर सगळं बसलं असतं : 'सर्व सामान सुस्थितीत मिळाले' आणि 'भविष्यात बँकेविरुद्ध कोणताही दावा करणार नाही'. सामान अजून पाहिलंच नाही, तर सुस्थितीत कसं? शिवाय तिसरी एक मागणी होती, ताब्याच्या काळातल्या सुरक्षारक्षकाचा खर्च आम्ही द्यावा अशी. ताईंनी उत्तरात कलम 13(7) दाखवलं : कारवाईचा वाजवी खर्च बँक वसूल करू शकते, पण कर्जदाराकडून. आम्ही कर्जदार नाही. त्या मागणीचा पुन्हा कुणी उच्चार केला नाही. दोन ओळींपैकी एक गेली, दुसरी 'यादीत नोंदवलेल्या त्रुटी वगळून' अशी झाली.

सामान मिळालं तो दिवस पावसाचा होता. बँकेचे दोन अधिकारी, एजन्सीचा तोच मुलगा (आता मला 'मॅडम' म्हणत होता), सोसायटीचे सेक्रेटरी, दोन पंच, मोबाइलवर व्हिडिओ काढणारा एक जण आणि खाली टेम्पो व हमाल. दार उघडल्याबरोबर फ्रिजचा वास आला. वीज तोडलेली होती, त्यामुळे आत जे होतं त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. आमचं कपाट पंचांसमोर मी माझ्या किल्लीने उघडलं. सोनं, कागद, फाईल, सगळं जागच्या जागी. त्या क्षणी मला बँकेबद्दल जे वाटलं ते आदराच्या जवळचं होतं, हे मान्य करते. इतके दिवस मनात काय काय येऊन गेलं होतं.

मग प्रत्येक वस्तू यादीवर टिक करत बाहेर. गाठोडी सोडून एकेक साडी मोजायला घेतली तेव्हा अधिकारी घड्याळ बघायला लागले. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या यादीत अंदाजे आहे, माझ्या यादीत नाव आहे." बसले बिचारे खुर्ची घेऊन.

खरी रस्सीखेच झाली ती भिंतीला लागलेल्या वस्तूंवर. पंखे आमचे, गिझर आमचा, पाणी शुद्ध करायचं यंत्र आमचं, आणि भिंतीला ब्रॅकेटने जखडलेलं माझं लांबलचक कापायचं टेबल. बँकेचं म्हणणं, जे इमारतीला जोडलेलं आहे ते गहाण मालमत्तेचा भाग. यात तथ्य आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात घराच्या कायमच्या उपभोगासाठी घराला जोडलेली वस्तू घराबरोबर जाते. भाडेकरूने स्वतः लावलेली वस्तू त्याला काढून नेता येते, पण जागा त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. ताबा गेला की ती सवलतही गेली. त्या हिशेबाने आमची बाजू लंगडी होती. शेवटी व्यवहाराने सुटलं. जे स्क्रू काढून निघतं आणि मागे फक्त भोक राहतं, ते न्या : पंखे, गिझर, पाण्याचं यंत्र. टेबल काढलं असतं तर भिंतीचा गिलावा आला असता, म्हणून ते राहिलं. खिडक्यांना आम्ही बसवलेली जाळीही राहिली. टेबलाचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्याची उंची माझ्या कमरेला मोजून घेतली होती.

सही करताना कागदावर हाताने लिहिलं : फ्रिज निकामी, इस्त्री आढळली नाही, चार साड्यांवर ओलाव्याचे डाग, वर्णन सोबत. इस्त्रीचं आजतागायत काही कळलेलं नाही. डागांबद्दल नंतर भरपाई मागितली. बँकेने 'पावसाळी हवामानामुळे' असं उत्तर दिलं आणि ताई म्हणाल्या, लढता येईल, पण वकिलाचा खर्च साड्यांहून मोठा होईल. दोन साड्यांचे डाग ड्रायक्लीनिंगला गेले, दोनींचे पैसे मी गिऱ्हाइकांना हप्त्याने दिले. ज्या बाईने गल्लीभर बोभाटा केला होता तिचं कापड कोरडं ठणठणीत निघालं. शिलाई तिने पूर्ण दिली, एक शब्द न बोलता.

सामान निघायच्या आदल्या रात्री अनोळखी नंबरवरून मालकाच्या बायकोचा फोन आला होता. रडत होती. "वहिनी, उद्या तुम्ही जाताय ना, आमचं कपाट पण तुमच्या सामानात घाला ना. लग्नातले फोटो आहेत, सासऱ्यांच्या वस्तू आहेत." तिच्या नवऱ्याने आमची अनामत बुडवली होती, पण मला तिचा राग येईना. तिचं सामानही गहाण नव्हतं. तिलाही ते मागायचा तितकाच हक्क होता. पण यादीत मीच लिहून दिलं होतं की ते कपाट मालकाचं आहे. मी तिला अर्ज कुणाच्या नावे करायचा, काय लिहायचं, पंचनाम्याची नक्कल कुठे मिळते, सगळं सांगितलं. आमचा अर्जही पाठवला, नावं बदलून वापर म्हटलं. तिने वापरला की नाही माहीत नाही. बहुधा नाही. घेणेकऱ्यांच्या भीतीने तो माणूस तिला कुठेच समोर येऊ देत नसणार.

अनामतीसाठी मालकावर दिवाणी दावा करता येतो, तीन वर्षांची मुदत आहे. घर विकून कर्ज आणि खर्च वजा जाता काही उरलं तर ते मालकाला मिळेल आणि त्यावर आम्ही डोळा ठेवू शकतो, असं ताई म्हणतात. उरायची आशा कमी आहे. लिलावाच्या जाहिरातीत 'जसं आहे जिथे आहे' या अटीखाली फ्लॅटचं वर्णन होतं आणि जंगम वस्तू विक्रीत नाहीत असंही होतं.

फ्लॅट विकला गेला. नव्या मालकाने सेक्रेटरींकडून माझा नंबर मिळवला. बेडरूममध्ये एक कुलूपबंद लोखंडी कपाट आहे, ते तुमचं का, नसेल तर भंगारात देतो, म्हणाला. मी म्हटलं, माझं नाही आणि तुमचंही नाही, भंगारात देऊ नका. आणि त्याला प्राधिकृत अधिकाऱ्यांचा ईमेल पाठवला.